ईसीजीच्या कागदावर छापून येणारं निदान: वाचावं की घडी घालून ठेवावं?

शून्यरेषा

बारा लीडच्या (हृदयाची वीज बारा दिशांनी टिपणाऱ्या) ईसीजीच्या कागदावर माथ्याला दोन गोष्टी छापून येतात. एकीकडे आकडे: रेट (मिनिटाला ठोके), पीआर, क्यूआरएस आणि क्यूटी (लाटांची मिलिसेकंदांतली मापं), क्यूटीसी (रेटनुसार सुधारलेला क्यूटी), अक्ष (हृदयातल्या विजेची दिशा). दुसरीकडे वाक्यं: 'सायनस ऱ्हिदम' (नेहमीची लय), 'सेप्टल इन्फार्क्ट, एज अनडिटरमाइंड' (हृदयाच्या पडद्याला कधीतरी झटका), 'अनकन्फर्म्ड रिपोर्ट' (डॉक्टरांनी न तपासलेला). माझं मत असं की आकडे वाचावेत, वाक्यांवर घडी घालावी, लाटा आपल्या डोळ्यांनी बघाव्यात आणि मगच घडी उघडावी. वाक्य एकदा डोळ्यांत शिरलं की कागदावर तेच दिसायला लागतं.

पण सरसकट असं म्हणणं अन्यायाचं आहे हेही कळतं. हे काम कालपरवाचं नाही. १९५०च्या दशकाच्या अखेरीस ह्यूबर्ट पिपबर्गर यांनी अमेरिकेत सुरुवात केली, मग सेझार कासेरेस यांचा प्रोग्राम आला, पुढे ग्लासगोला पीटर मॅकफार्लेन यांचा, १९८० मध्ये मार्क्वेट (Marquette) कंपनीचा ट्वेल्व्ह-एसएल. इतकी वर्षं घासून-पुसून घेतलेलं सॉफ्टवेअर चुकतं तेव्हा नेमकं कुठल्या पायरीवर घसरतं? आणि कुठलं वाक्य मानायचं, कुठलं सोडायचं?

कागदी_चौकोन

'अनकन्फर्म्ड रिपोर्ट' हे एकच वाक्य दर वेळी शंभर टक्के बरोबर असतं.

बोका_हर्ट्झ

हाहा, चौकोनराव.

पायऱ्या विचारल्यात म्हणून आतलं सांगतो. बहुतेक मशीन सेकंदाला ५०० नमुने घेतं. दहा सेकंदांचे प्रत्येक लीडमागे ५०००. लीड बारा दिसतात, पण खऱ्या मोजलेल्या आठच: एक, दोन, आणि छातीवरच्या व्ही१ ते व्ही६. उरलेल्या चार बेरीज-वजाबाकीच्या. तीन म्हणजे दोन वजा एक. एव्हीआर म्हणजे एक आणि दोनची बेरीज, अर्धी करून उलटी. कुणाकडे कच्च्या फायली असतील तर आधी हे गणित जुळतं का बघा. जुळलं नाही तर फायलीत लीडची अदलाबदल झालेली आहे किंवा लीड वेगवेगळ्या वेळी घेतलेल्या आहेत.

मग फिल्टर, मग क्यूआरएस (खालच्या कप्प्यांची टोकदार लाट) शोधणं, मग एकसारख्या ठोक्यांचे गट पाडणं. सगळ्यात मोठ्या गटातले ठोके एकमेकांवर रचून प्रत्येक लीडचा एक प्रातिनिधिक ठोका तयार होतो. मोजमाप होतं ते याच ठोक्यावर. सुरुवात धरायची ती बारांपैकी ज्या लीडमध्ये सगळ्यात आधी दिसते तिथून, शेवट धरायचा तो ज्या लीडमध्ये सगळ्यात उशिरा दिसतो तिथे. म्हणून लीड दोनवर पट्टी लावून क्यूआरएस ९० भरतो आणि मशीन १०२ छापतं, तेव्हा दोघंही बरोबर असतात; मोजायची रीत वेगळी.

सगळ्यात शेवटी 'जर-तर'चे नियम. वाक्यं तिथून येतात. नियम तसे ठोस असतात. गडबड होते ती नियमाला मिळालेल्या मापात, आणि त्यातही पी लाटेत (वरच्या कप्प्यांची, क्यूआरएसच्या आधीची). ती बुटकी, पसरट, आणि रेषा जराशी थरथरली की गायब. पी हुकली की ऱ्हिदमचं वाक्य हुकलंच.

केबलवाली

पायऱ्या मोजल्यात सगळ्यांनी, पण पहिलीच्या आधीची राहिली. इलेक्ट्रोड.

'सेप्टल इन्फार्क्ट'चं एक मोठं कारण म्हणजे व्ही१-व्ही२ एखादी फासळी वर लावणं. बोटाने छातीच्या हाडावरून खाली या, गळ्याच्या खोबणीपासून साधारण चार बोटांवर आडवा उंचवटा लागतो. त्याला लागून दुसरी फासळी. तिच्या खालची फट दुसरी. तिथून आणखी दोन फटी खाली, म्हणजे चौथी. हाडाच्या उजव्या काठाला व्ही१, डाव्या काठाला व्ही२. नंतर व्ही३ नाही, आधी व्ही४ लावायचं: पाचवी फट, हासळीच्या मध्यातून खाली येणाऱ्या रेषेवर. व्ही३ हे व्ही२ आणि व्ही४च्या मधोमध. व्ही५ आणि व्ही६ व्ही४च्या आडव्या पातळीत. फासळी वर वळते म्हणून तिच्यामागे वर जायचं नाही.

वर लागलंय हे कागदावरून ओळखायचं असेल तर व्ही२ची पी लाट बघा. ती अर्धी किंवा पूर्ण उलटी असेल आणि व्ही१-व्ही२मध्ये छोटासा दुसरा आर (क्यूआरएसचं वर जाणारं टोक) दिसत असेल, तर इन्फार्क्ट म्हणण्याआधी इलेक्ट्रोड खाली घेऊन पुन्हा काढा.

आणि जेल. सहा ठिकाणी सहा वेगळे ठिपके हवेत. छातीवर एकच पट्टा फासला की सहाही इलेक्ट्रोड एकमेकांना जोडले जातात आणि व्ही१ ते व्ही६ जुळी भावंडं दिसतात.

टोण्या

सहा भावंडं जुळी कशी? (पळतो)

नाडीपरीक्षक

केबलवाली ताई, हातापायाच्या वायरींची अदलाबदलही लिहा. मशीन 'लेफ्ट आर्म राइट आर्म रिव्हर्सल' असं कधी छापतं, कधी नाही.

केबलवाली

दोन्ही हात उलटे लागले तर लीड एक पूर्ण उलटी, पी सकट, एव्हीआर सरळ. छातीच्या लीड मात्र ठीक. हृदयच उजवीकडे असेल तर लीड एक अशीच दिसेल, पण व्ही१ ते व्ही६ आर वाढण्याऐवजी खुजा होत जाईल. हा फरक मशीन बऱ्यापैकी ओळखतं.

उजवा हात आणि उजवा पाय उलटा झाला तर लीड दोन जवळजवळ सपाट, कारण दोन्ही पायांत व्होल्टेजचा फरक नसतोच. डावा हात आणि उजवा पाय उलटा झाला तर लीड तीन सपाट. एकच लीड सपाट म्हणजे काळी वायर चुकीच्या जागी.

सगळ्यात लबाड अदलाबदल डावा हात आणि डावा पाय. लीड एक आणि दोनची जागा बदलते, तीन उलटी होते, आणि कागद बघून सगळं ठीकच वाटतं. जुना कागद शेजारी ठेवल्याशिवाय हे सापडत नाही, आणि मशीनकडे जुना कागद नसतो.

रंगीबेरंगी

काळी वायर म्हणजे कुठली? काही चित्रांत काळी डाव्या हाताला दाखवतात.

केबलवाली

ती अमेरिकी पद्धत. आपल्याकडच्या मशीनला बहुतेक आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकाचे रंग: उजवा हात लाल, डावा हात पिवळा, डावा पाय हिरवा, उजवा पाय काळा. अमेरिकी रंगांत उजवा हात पांढरा, डावा काळा, डावा पाय लाल, उजवा पाय हिरवा. लाल, काळा, हिरवा तिन्ही रंग दोन्हीकडे आहेत आणि तिन्हींच्या जागा वेगळ्या. बदली केबल मागवताना हे बघून घ्या आणि रंगांपेक्षा क्लिपवरची अक्षरं वाचा.

बोका_हर्ट्झ

म्हणजे सिग्नलच्या लाल-हिरव्यावर निदान अवलंबून. मुंबईकरांना सवय आहे.

आयसोइलेक्ट्रिक

शून्यरेषा, तुमच्या 'आकडे वाचावेत' यालाच माझा आक्षेप आहे. क्यूटीसी हा आकडा दिसतो, पण असतो एक मत. मोजलेला असतो क्यूटी. क्यूटीसी काढायचं सूत्र कुणीतरी निवडलेलं असतं.

उदाहरण घ्या. रेट १२०, म्हणजे दोन आरमधलं अंतर ०.५ सेकंद. क्यूटी ३२०. बॅझेटने वर्गमुळाने भागलं की ४५३. फ्रिडेरिशियाने घनमुळाने भागलं की ४०३. फ्रॅमिंगहॅमने ३९७. हॉजेसने ४२५. पुरुषासाठी ४५०ची रेघ धरली तर पहिला माणूस 'प्रोलाँग्ड क्यूटी', बाकीचे तिघे नॉर्मल. माणूस एकच आहे!

बॅझेट आणि फ्रिडेरिशिया, दोघांचीही सूत्रं १९२०ची. बॅझेट जास्त रेटला आकडा फुगवतो आणि कमी रेटला आकसवतो: रेट ५०, क्यूटी ४४० असेल तर बॅझेट ४०२, फ्रिडेरिशिया ४१४. तरी बहुतेक मशीनमध्ये बॅझेटच भरलेला असतो. सेटिंगच्या मेन्यूत सूत्र बदलता येतं का ते बघावं. नसेल तर रेट ९०च्या वर आणि ६०च्या खाली हातानेच करावं. मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर वर्गमूळ असतं. घनमुळासाठी फोन आडवा धरा.

बंडल ब्रांच ब्लॉक (हृदयातली विजेची एक वाट अडलेली) असेल तर क्यूआरएस रुंद झाल्यामुळेच क्यूटी लांबतो. त्या कागदावरचा क्यूटीसी जसाच्या तसा घेऊ नये. एट्रिअल फिब्रिलेशनमध्ये (एएफ, वरच्या कप्प्यांची बेताल थरथर) तर एका ठोक्याचा क्यूटीसी म्हणजे भिशीची चिठ्ठी. निदान दहा ठोक्यांची सरासरी घ्या.

शून्यरेषा

आयसोइलेक्ट्रिक, मान्य. 'आकडे वाचावेत'मधून क्यूटीसी मागे घेतो.

कागदी_चौकोन

रेटही मागे घ्या. रक्तात पोटॅशियम वाढलं की टी लाट (क्यूआरएसनंतरची) उंच आणि टोकदार होते, मशीन तिलाही क्यूआरएस समजतं आणि ७० चे १४० करतं. उपाय फुकट आहे: तळाच्या दहा सेकंदांच्या पट्टीवरचे आर मोजा, सहाने गुणा.

बोका_हर्ट्झ

हे का होतं तेही बघण्यासारखं आहे. क्यूआरएस शोधायची सगळ्यात गाजलेली रीत पॅन आणि टॉम्पकिन्स यांची, १९८५ची. मशीनमधले प्रोग्राम याहून पुढे गेलेत आणि एकाच वेळी अनेक लीड बघतात, पण तत्त्व कळायला हीच बरी. ५ ते १५ हर्ट्झमधलं तेवढं ठेवायचं. उतार काढायचा. त्याचा वर्ग करायचा, म्हणजे उणे-अधिक जातं आणि तीव्र उतार आणखी उठून दिसतो. मग १५० मिलिसेकंदांच्या खिडकीतून सरासरी सरकवत न्यायची. जी टेकडी येते ती उंबरठ्याच्या वर गेली की ठोका.

एका ठोक्यानंतर २०० मिलिसेकंद काहीच मोजायचं नाही. २०० ते ३६० मध्ये काही आलं तर त्याचा उतार आधीच्या क्यूआरएसच्या निम्म्याहून कमी आहे का बघायचं. कमी असेल तर ती टी. पोटॅशियमवाली टी या चाळणीतून निसटते, कारण ती सुईसारखी असते, आणि पुष्कळदा ३६०च्या पुढेच येते. तिथे ही चाळणी नाहीच.

उलट बाजूने, नेहमीच्या अंतराच्या १६६ टक्के वेळ गेला आणि ठोका सापडला नाही, तर मागे जाऊन खालच्या उंबरठ्याने पुन्हा शोधायचं. हाताने लिहून बघा, शंभर ओळींच्या आत बसतं.

पायथॉनप्रेमी

एमआयटी-बीआयएच या ईसीजी-संचाच्या डेटावर न्यूरल नेटवर्क लावून ९९ टक्के अचूकता दाखवणारे प्रकल्प ढिगाने सापडतात. मग मशीनमध्ये अजून १९८५चं तत्त्व कशाला?

आयसोइलेक्ट्रिक

आली गाडी या वळणावर.

बोका_हर्ट्झ

पायथॉनप्रेमी, त्या ९९ची चिरफाड अशी. त्या संचात ४७ माणसांच्या अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ४८ नोंदी आहेत, दोन लीड, सेकंदाला ३६० नमुने. ठोके लाखाच्या वर. पुष्कळ लोक हे सगळे ठोके एकत्र पिसतात आणि ८० टक्के शिकायला, २० टक्के परीक्षेला ठेवतात. म्हणजे एकाच माणसाचे ठोके दोन्हीकडे. नेटवर्क आजार शिकत नाही, माणूस ओळखायला शिकतं. पेपर फुटल्यावर पैकीच्या पैकी पडायचेच.

दुसरं, दहातले जवळजवळ नऊ ठोके नॉर्मल गटातले. डोळे मिटून सगळ्यांना नॉर्मल म्हटलं तरी ९०च्या आसपास पोचता. म्हणून अचूकता बघू नका. वरच्या कप्प्यातल्या जादा ठोक्यांपैकी किती पकडले आणि पकडलेल्यांतले किती खरे, हे दोन आकडे मागा. तिथे भलेभले झोपतात.

नीट करायचं असेल तर पेसमेकरवाल्या चार नोंदी काढा: १०२, १०४, १०७, २१७. उरलेल्या ४४ नोंदी माणसांनुसार २२-२२ वाटा. २००४ पासून एक वाटणी रूढ आहे, तीच घ्या म्हणजे तुलना होते. गंमत अशी की २०१ आणि २०२ एकाच माणसाच्या नोंदी आहेत, आणि त्या रूढ वाटणीत एक इकडे, एक तिकडे आहे!

बारा लीडसाठी पीटीबी-एक्सएल हा संच घ्या. १८,८६९ माणसांच्या २१,७९९ नोंदी, दहा-दहा सेकंदांच्या. त्यात दहा घड्या (फोल्ड, म्हणजे गट) आधीच पाडून दिल्यात आणि एक माणूस एकाच घडीत राहतो. नववी तपासायला, दहावी परीक्षेला.

पायथॉनप्रेमी

२०१-२०२चं माहीतच नव्हतं. धन्यवाद, वाचनखूण साठवली.

नाडीपरीक्षक

मूळ मुद्द्यावर येऊ. वाक्यांत सगळ्यात जास्त त्रास देणारं वाक्य 'एट्रिअल फिब्रिलेशन'. ते नसताना छापलं जातं, आणि त्यापायी रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू होतात. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मशीनने एएफ म्हटलेल्या २२९८ कागदांपैकी ४४२ चुकीचे निघाले होते.

ठोके अनियमित आणि पी सापडत नाही, की मशीन एएफ म्हणतं. मधूनमधून येणारे वरच्या कप्प्याचे जादा ठोके, थरथर, सायनसचीच अनियमितता, सगळं त्यात जमा. तपासायची जागा व्ही१ आणि लीड दोन. जादा ठोका असेल तर आधीच्या ठोक्याची टी लाट जरा वेडीवाकडी दिसते, कारण पी तिच्या पोटात लपलेली असते.

पार्किन्सनचा कंप तर ४ ते ६ हर्ट्झचा, म्हणजे मिनिटाला २४० ते ३६०. एट्रिअल फ्लटरचा (वरच्या कप्प्यांची वेगवान, पण नियमित लय) रेट साधारण ३००. मशीन फसणारच. कंप उजव्या हाताला असेल तर लीड एक आणि दोन थरथरतात, तीन स्वच्छ राहते, कारण तिच्यात उजवा हात येतच नाही. फ्लटर असा एका हातापुरता नसतो.

केबलवाली

कंपासाठी इलेक्ट्रोड मनगटावरून दंडावर घ्या, तळवे मांडीखाली दाबून ठेवायला सांगा. थेट छातीवर मात्र आणू नका. अक्ष उजवीकडे सरकतो आणि खालच्या भिंतीचे जुने क्यू (जुन्या झटक्याची खूण असलेल्या खाली जाणाऱ्या लाटा) पुसले जाऊ शकतात. नाइलाज असेल तर तसं कागदावर लिहा.

आणि रेषा जाड केसाळ दिसत असेल तर भिंग घेऊन बघा: एका छोट्या चौकोनात नेमकी दोन शिखरं असतील तर ती ५० हर्ट्झची वीज. अर्थिंग, शेजारचा चार्जर, सुकलेलं जेल. कधी फिल्टरच ६० हर्ट्झवर ठेवलेला असतो, मग तो चालू असूनही उपयोग शून्य.

बोका_हर्ट्झ

फिल्टरवरून. कागद 'सुंदर' यावा म्हणून ४० हर्ट्झचा फिल्टर लावून ठेवायची खोड फार आहे. मोठ्यांना १५० हर्ट्झपर्यंत हवं, लहान मुलांना २५०. ४०ला कापलं की आर बुटका होतो, बारीक क्यू जातात, पेसमेकरचा खिळा दिसेनासा होतो, आणि डावा कप्पा जाड आहे का बघायची ३५ मिमीची बेरीज ३१वर येऊन बसते. खालच्या टोकाला ०.०५ हर्ट्झ हवं. जुन्या पद्धतीचा ०.५चा फिल्टर एसटी रेषा (क्यूआरएस आणि टीमधला तुकडा, झटक्यात तो उचलला जातो) वर-खाली ढकलतो. मॉनिटरवर एसटी उचललेला दिसतो आणि कागदावर दिसत नाही, त्यामागे पुष्कळदा हेच असतं.

आयसोइलेक्ट्रिक

आणि वयाचा रकाना! तो रिकामा सोडला की मशीन बहुधा मोठ्या माणसाचे निकष लावतं. चार वर्षांच्या मुलाच्या व्ही१ ते व्ही३ मधली उलटी टी नॉर्मल असते; मशीन 'अँटीरिअर इस्किमिया' (समोरच्या भिंतीला रक्त कमी) छापून मोकळं. मोठ्यांतही व्ही२-व्ही३ मधल्या एसटीची रेघ चाळिशीच्या आतल्या पुरुषाला २.५ मिमी, चाळिशीनंतर २, बाईला १.५. लिंग चुकीचं भरलं तर बाईचा १.७ मिमीचा एसटी मशीन सोडून देईल.

खडूस_काकू

सगळ्यांनी मशीनला झोडपलंय म्हणून उलट बाजू मांडते. युरोपात सीएसई नावाचा मोठा प्रकल्प झाला, १९९१ मध्ये निकाल आला. १२२० ईसीजी, नऊ प्रोग्राम, आठ हृदयरोगतज्ज्ञ. खरं निदान ईसीजीबाहेरच्या पुराव्यावरून ठरवलेलं. प्रोग्रामची मध्यक (मीडियन) अचूकता ६९.७ टक्के, तज्ज्ञांची ७६.३. फरक आहे, पण आकाशपाताळाचा नाही. आणि समोर होते ते आठ तज्ज्ञ. रात्री तीन वाजता एकटा असलेला नवखा डॉक्टर नव्हे. त्याला घडी घालायला सांगणं मला पटत नाही. आधी स्वतः वाचावं, हो. पण कागदावर लिहून, आणि मग घडी उघडून दोन्ही जुळवावं. जुळलं नाही तर ज्येष्ठाला दाखवावं.

पायथॉनप्रेमी

काकू +१. शिवाय नवी मॉडेल्स वेगळंच विचारतात. मेयो क्लिनिकच्या गटाने २०१९ मध्ये ईसीजीवरून हृदयाचं पंपिंग ३५ टक्के किंवा त्याखाली आहे का, हे ओळखणारं नेटवर्क प्रसिद्ध केलं. माणसाला हे कागद बघून सांगता येत नाही.

खडूस_काकू

म्हणूनच ते तपासताही येत नाही. क्यू आहे म्हटलं तर बोट ठेवून दाखवता येतो. या वाक्याचा पडताळा इको काढूनच. चाळणी म्हणून छान, निकाल म्हणून नाही.

रंगीबेरंगी

कागदाचा मोबाइलवर फोटो काढून चालवता येतं का?

बोका_हर्ट्झ

येतं, पण आधी रेषा परत आकड्यांत आणावी लागते: कागद सपाट, वरून सरळ फोटो, चौकोनांवरून मोजपट्टी ठरवणं, मग रेषा चौकोनांपासून वेगळी काढणं. सुरकुती आणि सावली दोन्ही घात करतात. २०२४चं मूडी चॅलेंज (दरवर्षीची प्रोग्राम लिहायची स्पर्धा) याच विषयावर होतं. शक्य असेल तिथे मशीनमधून एससीपी, एक्सएमएल किंवा डायकॉम फाइल काढा. आणि नेहमीच्या मांडणीत तळाच्या पट्टीतली लीड सोडली तर प्रत्येक लीड अडीच सेकंदच छापलेली असते. उरलेले साडेसात कागदावर नसतातच.

शून्यरेषा

आतापर्यंतचं धरून माझं मत सुधारतो. 'नॉर्मल सायनस ऱ्हिदम', बंडल ब्रांच ब्लॉक, पीआर लांबणं: बऱ्यापैकी मानावं. एएफ, 'सेप्टल इन्फार्क्ट', क्यूटी: तपासल्याशिवाय नाही. 'अ‍ॅक्यूट एमआय' (ताजा हार्ट अटॅक) छापलं तर लगेच हालचाल, तपासणी त्याच वेळी. बरोबर?

नाडीपरीक्षक

पहिल्यात एक दुरुस्ती. छातीत दुखतंय आणि मशीन 'नॉर्मल' म्हणतंय, हे वाक्य सगळ्यात धोक्याचं. फाजील घंटा वाजू नये म्हणून एमआयचे निकष कडक ठेवलेले असतात. नुकत्याच फुगलेल्या टी, डी विंटरचा नमुना (एसटी न उचलता दिसणारी झटक्याची खूण), मागच्या भिंतीचा झटका, यांतलं बरंच निसटतं. व्ही१ ते व्ही३ मध्ये एसटी खाली असेल तर पाठीकडे व्ही७ ते व्ही९ लावा. तिथे अर्धा मिमी वर असला तरी पुरे. दुखणं चालू असेल तर १५ ते ३० मिनिटांनी पुन्हा काढा, इलेक्ट्रोड न हलवता.

शून्यरेषा

घेतलं. मग घडी कुठे घालायची तेवढं सांगा, माथ्याला ना?

केबलवाली

माथ्याला. तळाला '२५ मिमी प्रति सेकंद, १० मिमी प्रति मिलिव्होल्ट, ०.०५ ते १५० हर्ट्झ' अशी ओळ असते. तिथे ५ मिमी किंवा ४० हर्ट्झ दिसलं तर कागद पुन्हा काढायचा.

टोण्या

आणि माथ्यावर पेशंटचं नावही असतं हो, घडीत तेही जाईल.